तिकीट, गाडी आणि कायदा

 

आपल्या गटाच्या वहीत बचतीचा हिशेब असतो, कर्जाचा असतो, व्याजाचा असतो. पण महिन्यात आपण किती वेळा गाडीत बसलो याचा हिशेब कोणी मांडत नाही. बँकेत हप्ता भरायला तालुक्याला जावं लागतं. दर्यापूर, अंजनगाव, मूर्तिजापूर, अकोटचा बाजार असतो. लेकराला ताप आला की अमरावतीचा नाहीतर अकोल्याचा मोठा दवाखाना. कापूस वेचणीच्या दिवसांत तर पहाटेच ऑटोत दाटीवाटीनं बसून दुसऱ्या गावच्या शिवारात जायचं. मूर्तिजापूरहून एक फाटा अचलपूरला आणि एक यवतमाळला जाणारी आपली शकुंतला गाडी होती. ती बंद पडली आणि त्या वाटेवरच्या गावांना एसटी, ऑटो आणि काळीपिवळीशिवाय आधार राहिला नाही.

इतका प्रवास करूनही आपण गाडीत कशा बसतो? उपकार घेतल्यासारख्या. कंडक्टरनं तिकीट दिलं नाही तर गप्प. ऑटोवाल्यानं तीनच्या जागी नऊ कोंबले तरी गप्प. "जाऊ दे वं माय, पोचलो ना घरी!" असं म्हणून विषय संपतो. आज आम्ही सांगणार आहोत ते याच्या उलट आहे. पैसे देऊन गाडीत बसलं की तो एक व्यवहार होतो आणि त्या व्यवहारामागं कायदा उभा असतो.

हा कायदा कॉलेजात शिकवतात

आमच्या एका गटातल्या ताईची लेक वकिलीच्या पहिल्या वर्षाला आहे. सुट्टीत आली तेव्हा तिला आम्ही ग्रामसंघाच्या बैठकीत बोलावलं. बायांना वाटलं, वकिलीत खून, दरोडे आणि जमिनीची भांडणंच शिकवत असतील. पोरीनं सांगितलं की देशभरच्या एलएलबीच्या अभ्यासात एक सक्तीचा विषय आहे, त्यात मोटार अपघातांचा आणि ग्राहक संरक्षणाचा कायदा येतो. म्हणजे आपली एसटी, आपला ऑटो, आपलं तिकीट, सगळं त्या पुस्तकात आहे.

त्या दिवशी तिच्या वहीतून आम्ही जे समजून घेतलं, ते नंतर विचारून, पडताळून घेतलं. तेच आज तुमच्यासमोर मांडतो.

पहिली गोष्ट: तिकीट

तिकीट म्हणजे पावती. मी या तारखेला, या गाडीत, या गावाहून त्या गावाला पैसे देऊन निघाले, याचा तो पुरावा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात विनातिकीट प्रवाशाला दंड आहे, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण त्याच कलमात पुढं लिहिलं आहे की पैसे घेऊन तिकीट न देणारा किंवा कमी रकमेचं तिकीट देणारा कंडक्टरही दंडाला पात्र आहे. ही बाजू आपल्याला कोणी सांगत नाही. म्हणून "अर्धेच पैसे द्या, तिकीट राहू द्या" असं कोणी म्हणालं तर ते स्वस्त पडत नाही. तपासणीस आला तर दंड आपल्यालाच होतो आणि गाडीला काही झालं तर आपण त्या गाडीत होतो हे सांगायला कागद राहत नाही.

आता मशीनमधून निघणारं तिकीट उन्हानं, घामानं पुसट होतं. पदराच्या गाठीत ठेवलं तर संध्याकाळपर्यंत अक्षर दिसत नाही. लांबच्या प्रवासात तिकिटाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. सुटे पैसे नसले की कंडक्टर तिकिटामागं बाकी लिहून देतो. ते पैसे उतरण्याआधी मागून घ्या. ते आपलेच पैसे आहेत.

एसटी वाटेत बंद पडली तर त्याच तिकिटावर पुढच्या एसटीत बसवून देणं हे महामंडळाचं काम आहे. नव्यानं तिकीट काढायची गरज नाही.

एसटीतल्या सवलती

आपल्या राज्यात पहिली एसटी धावली १ जून १९४८ रोजी, पुणे ते अहमदनगर. तेव्हापासून ती गरिबाची गाडी आहे. १७ मार्च २०२३ पासून महिला सन्मान योजनेत सगळ्या बायांना एसटीच्या सर्व प्रकारच्या गाड्यांत अर्धं तिकीट आहे. त्याआधी २६ ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांपुढच्या म्हाताऱ्या माणसांना मोफत प्रवास सुरू झाला होता. ६५ ते ७५ वयाच्या पुरुषांनाही अर्धं तिकीट आहे. त्यांनी वयाचा पुरावा जवळ ठेवावा.

ही सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपुरती आहे. परतवाड्याहून किंवा धारणीहून मध्य प्रदेशात जाणाऱ्या एसटीत बसलात, तर हद्दीपुढच्या टप्प्याचे पूर्ण पैसे लागतात. कंडक्टर फसवत नसतो, तो नियमच आहे. उगाच भांडण नको.

खेड्यातल्या पोरींसाठी अहिल्याबाई होळकर योजना आहे. पाचवी ते बारावीच्या विद्यार्थिनींना घर ते शाळा एसटीचा पास मोफत मिळतो. "गाडीभाडं परवडत नाही" म्हणून कोणाच्या पोरीची शाळा सुटत असेल, तर शाळेतून दाखला घेऊन आगारात जा. पोरीच्या वेळेला गाडीच येत नसेल, तर शाळा, ग्रामपंचायत आणि ग्रामसंघ या तिघांचं मिळून एक पत्र आगार व्यवस्थापकाला द्या. एकट्या बाईच्या तोंडी बोलण्यापेक्षा तीन शिक्क्यांचं पत्र जड असतं.

दिवाळीत पुण्याहून लेकरं गावाकडं येतात तेव्हा खासगी ट्रॅव्हल्सचे भाव आभाळाला भिडतात. २०१८ मध्ये राज्य सरकारनं ठरवून दिलं आहे की एसटीच्या त्याच दर्जाच्या गाडीच्या भाड्यापेक्षा फार तर दीडपट भाडं खासगी बसला घेता येतं. त्याहून जास्त घेतलं तर तिकिटासकट आरटीओ कार्यालयात तक्रार करता येते. खासगी बसमध्ये बसल्याबरोबर आणखी एक करा. संकटकाळी बाहेर पडायचं दार आणि काच फोडायची हातोडी कुठं आहे ते पाहून घ्या. १ जुलै २०२३ च्या रात्री समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटून पेटली आणि २५ माणसं गेली. दार कुठं आहे हे अंधारात शोधायची वेळ येऊ नये.

मजुरीला नेणारी गाडी

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. पंखा बंद करा, पण हे नीट ऐका.

वेचणी, निंदण, सोयाबीनची सोंगणी, या कामांना मुकादम गाडी पाठवतो. कधी ऑटो, कधी मालाचा छोटा टेम्पो, कधी ट्रॅक्टरची ट्रॉली. पंधरा-वीस बाया उभ्यानं, बसून, कडेला लटकून जातात. भाडं द्यावं लागत नाही म्हणून आपण खूश असतो. पण कायद्याच्या नजरेतून बघा.

प्रत्येक गाडीला विमा लागतो. प्रवासी गाडीचा विमा आरटीओनं मंजूर केलेल्या जागांच्या हिशेबानं असतो. तीनची परवानगी असलेल्या ऑटोत नऊ जणी बसल्या आणि अपघात झाला, तर विमा कंपनी म्हणते की आमची जबाबदारी तीन जणींपुरती. मालवाहू गाडी ही तर माल नेण्यासाठीच आहे. आपला माल घेऊन बसलेला त्याचा मालक वेगळा. पण नुसत्याच बसून चाललेल्या माणसाची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २००३ मध्ये सांगितलं आहे. ट्रॅक्टर-ट्रॉलीचंही तसंच. मग भरपाईचा बोजा गाडीमालकावर पडतो. त्याच्याकडं पैसे नसले तर निकाल हातात असूनही घरात काही येत नाही.

म्हणून मुकादमाशी मजुरी ठरवतानाच गाडीही ठरवा. "दिवसाचे किती?" या प्रश्नानंतर लगेच विचारा, "गाडी कोणती? माणसं नेायची परवानगी आहे का? विमा चालू आहे का? किती जणी बसवणार?" गटातल्या एखादीच्या मोबाईलवर सरकारचं एमपरिवहन हे ॲप घ्या. गाडीचा नंबर टाकला की विमा कधीपर्यंत आहे ते दिसतं. अमरावतीची गाडी असेल तर नंबर एमएच २७ नं सुरू होतो, अकोल्याची असेल तर एमएच ३० नं.

एकटी बाई हे विचारेल तर मुकादम म्हणेल, "तुले यायचं नसन तर नको येऊ." पण गावातल्या सगळ्या गटांच्या बायांनी एकाच सुरात विचारलं तर त्याला दोन फेऱ्या कराव्या लागतील नाहीतर मोठी गाडी आणावी लागेल. वेचणीच्या दिवसांत कास्तकारालाही बायांची गरज असतेच. तेव्हाच हे बोलणं होऊ शकतं.

कायद्यात आणखी एक सोय आहे. जादा प्रवासी भरले तर माणशी २०० रुपये दंड आहे. आणि पोलिसांनी किंवा आरटीओनं अशी गाडी अडवली, तर जादा प्रवाशांना उतरवून त्यांच्यासाठी दुसऱ्या गाडीची सोय झाल्याशिवाय ती गाडी पुढं सोडता येत नाही. म्हणजे बायांना आडरानात उतरवून गाडी निघून जाणं कायद्याला मंजूर नाही.

अपघात झालाच तर

देव न करो, पण झालाच तर काय करायचं ते आधी माहीत असावं.

पहिलं काम जखमीला दवाखान्यात नेणं. १०८ वर फोन केला की रुग्णवाहिका येते, ११२ वर पोलीस. जखमीला नेणाऱ्यानं घाबरू नये. २०१९ च्या दुरुस्तीनंतर चांगल्या मनानं मदत करणाऱ्यावर खटला होत नाही आणि त्याला नाव सांगायची सक्तीही नाही. मे २०२५ पासून केंद्र सरकारची योजनाही आहे. रस्ता अपघातातल्या जखमीवर ठरवून दिलेल्या दवाखान्यात पहिले ७ दिवस, दीड लाख रुपयांपर्यंत, पैसे न भरता उपचार व्हावेत अशी ती योजना आहे. दवाखान्यात गेल्यावर तिचं नाव घेऊन विचारा.

दुसरं काम कागद. गाडीचा नंबर लिहून घ्या, फोटो काढा. ठाण्यात एफआयआर झाला का ते पाहा आणि त्याची प्रत घ्या. ती फुकट मिळते. अपघाताची पहिली माहिती पोलिसांनी ४८ तासांत मोटार अपघात न्यायाधिकरणाला कळवायची असते. दवाखान्याचे कागद, औषधाच्या पावत्या, तिकीट, सगळं एका पिशवीत ठेवा. आपल्याकडं पिशवीत रेशनकार्ड जसं जपून ठेवतो, तसंच.

तिसरं काम दावा. हा दावा मोटार अपघात न्यायाधिकरणात करायचा असतो आणि १ एप्रिल २०२२ पासूनच्या नियमाप्रमाणं अपघातापासून ६ महिन्यांच्या आत. तेरवी, वर्षश्राद्ध होईपर्यंत थांबायचं नाही. अपघात नागपूरजवळ झाला म्हणून नागपूरला खेटे घालायचीही गरज नाही. आपण राहतो त्या भागातल्या न्यायाधिकरणात दावा करता येतो.

कोणाची चूक हे सिद्ध करायच्या भानगडीत पडायचं नसेल, तर मृत्यूला ५ लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख अशी ठरलेली रक्कम मागता येते. चूक सिद्ध करून त्याहून जास्तही मागता येतात, पण दोन्ही मिळत नाहीत. उडवून पळून गेलेली गाडी सापडलीच नाही, तरी मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार मिळायची योजना आहे. त्याचा अर्ज तहसील किंवा उपविभागीय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारावा.

आणि एक सावधगिरी. दवाखान्याच्या दारात माणसं भेटतात. "दहा हजार घ्या, आपसात मिटवा," म्हणतात. नाहीतर "केस लढतो, निघालेल्या पैशातला तिसरा हिस्सा द्या," म्हणतात. कोऱ्या कागदावर सही नाही, अंगठा नाही. भरपाईत हिस्सा ठरवून फी घेणं वकिलांच्या नियमातच बसत नाही. बायांना तर मोफत वकील मिळतो. ते पुढं सांगतोच.

घरातल्या कामाची किंमत

आता पोरीच्या वहीतला तो भाग, जो ऐकून बैठकीत सगळ्या बाया गप्प झाल्या होत्या.

अपघातात कमावता पुरुष गेला तर त्याच्या पगारावरून भरपाई ठरते. पण घरची बाई गेली तर? "ती काय कमावत होती? घरीच तर होती," असं वाद घालणारे म्हणत. दिल्लीत २०१४ मध्ये एका अपघातात नवरा-बायको दोघंही गेले. बायको घर सांभाळायची. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि ५ जानेवारी २०२१ रोजी निकाल लागला. न्यायालयानं सांगितलं की घरकामाला पगार नसला तरी त्याला किंमत आहे आणि भरपाई ठरवताना गृहिणीचं उत्पन्न मानलंच पाहिजे. न्यायालयानं जनगणनेचा आकडाही दिला. २०११ मध्ये घरकाम हेच मुख्य काम असं सांगणाऱ्या बाया १५ कोटी ९८ लाखांच्या वर होत्या आणि पुरुष फक्त ५७ लाख ९० हजार. बाई रोज सरासरी २९९ मिनिटं बिनपगारी घरकामात घालवते आणि पुरुष ९७ मिनिटं, हेही त्यात आहे. म्हणजे आपले जवळजवळ पाच तास. पाणी, चूल, भांडी, सारवण, सगळं त्यात आलं. त्या प्रकरणात भरपाई २२ लाखांवरून ३३ लाख २० हजारांवर गेली.

भरपाईचा हिशेब कसा करतात, तोही समजून घ्या. समजा ३४ वर्षांची बाई, घरात तिच्यावर अवलंबून चार माणसं. न्यायालयानं तिचं उत्पन्न महिन्याला १० हजार धरलं. पुढं वाढ होईल म्हणून त्यात ४० टक्के मिळवतात, झाले १४ हजार. वर्षाचे १ लाख ६८ हजार. तिच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा केला, राहिले १ लाख २६ हजार. वयाप्रमाणं गुणाकाराचा आकडा ठरलेला आहे. ३१ ते ३५ वयाला तो १६ आहे. गुणले की २० लाख १६ हजार. अंत्यविधी वगैरेचे पैसे वेगळे. हे नुसतं उदाहरण आहे, प्रत्येक प्रकरणाचा आकडा वेगळा. पण "दहा हजारांत मिटवा" म्हणणारा किती दूर आहे ते यावरून कळतं.

आणि उत्पन्न किती धरायचं हे कागदावर ठरतं. मजुरी करणाऱ्या बाईच्या हातात पगाराची पावती नसते. पण दूध डेअरीची पावती, मनरेगाचं जॉबकार्ड, बँकेचं पासबुक, गटातल्या बचतीची आणि कर्जफेडीची नोंद, हे कागद ती कमावत होती हे दाखवायला उपयोगी पडू शकतात. गटाची वही नीट लिहायचं हे आणखी एक कारण.

रेल्वेत बसलो तर

बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला ही आपली स्टेशनं. रेल्वेचा कायदा वेगळा आहे, १९८९ चा. प्रवासी गाडीत बायांसाठी जागा राखून ठेवणं त्यात सक्तीचं आहे. बायांच्या डब्यात किंवा राखीव जागेत शिरून न उठणाऱ्या पुरुषाला ५०० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो आणि त्याला बाहेर काढता येतं.

एक कलम फार कमी लोकांना माहीत आहे. सोबत पुरुष नसलेल्या बाईकडं किंवा लेकराकडं तिकीट नसलं, तरी तिला वाटेत कुठंही उतरवता येत नाही. जिथून ती चढली ते स्टेशन, जंक्शन, शेवटचं स्टेशन किंवा जिल्ह्याचं ठिकाण, अशाच जागी उतरवता येतं, आणि तेही फक्त दिवसा. म्हणजे रात्री कुरूम किंवा माना अशा लहान स्टेशनवर एकट्या बाईला खाली उतर म्हणता येत नाही. याचा अर्थ विनातिकीट जावं असा नाही. भाडं आणि दंड भरावाच लागतो. पण दंडाच्या धाकानं बाईची अब्रू आणि जीव धोक्यात घालता येत नाही, असं कायदा म्हणतो.

गाडीतून पडून किंवा गाडीत दुर्घटना होऊन तिकीट असलेला प्रवासी गेला, तर रेल्वे दावा न्यायाधिकरणात भरपाई मागता येते. त्याचं खंडपीठ नागपूरला आहे. मृत्यूला ८ लाख, मुदत १ वर्ष. इथंही प्रश्न तिकिटावरच येतो. रेल्वेतल्या कोणत्याही तक्रारीला १३९ हा नंबर आहे.

अंगचटीला येणारा प्रवासी

गर्दीच्या गाडीत धक्के, घाणेरडं बोलणं, चिमटे हे सोसायचं नाही. तो गुन्हा आहे. मोठ्यानं बोला, कंडक्टरला गाडी थांबवायला सांगा, ११२ वर फोन करा. "गाडी तर दुसऱ्या तालुक्यात होती, तिकडं जा," असं ठाण्यात म्हणता येत नाही. १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यात लिहिलेलं आहे की गुन्हा कुठल्याही हद्दीत घडो, तक्रार कुठल्याही ठाण्यात घ्यावी लागते. तिला झिरो एफआयआर म्हणतात. बायांसाठी १८१ ही मदतवाहिनीही आहे. आणि शेजारी बसलेल्या बाईनं "तूच गप बस" म्हणू नये. आपण एकमेकींची साक्ष असतो.

तक्रार कुठं करायची

एसटीची तक्रार बसस्टँडवरच्या वाहतूक नियंत्रकाकडं, मग आगार व्यवस्थापकाकडं, तिथं दाद नाही लागली तर अमरावती किंवा अकोल्याच्या विभाग नियंत्रकाकडं. तक्रारीत तारीख, वेळ, गाडीचा नंबर, कुठून कुठं आणि तिकिटाचा नंबर लिहा. "कंडक्टर नेहमीच असं करते" या बोलण्यातून चौकशी होत नाही, नंबरावरून होते. पोच घ्यायला विसरू नका.

ऑटो, काळीपिवळी, ट्रॅव्हल्सची तक्रार आरटीओत. पैसे घेऊन सेवा नीट दिली नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. अमरावतीलाही आहे, अकोल्यालाही. २ वर्षांच्या आत तक्रार करायची, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागतोच असंही नाही. सल्ल्यासाठी १९१५ हा नंबर.

आणि मोफत वकील. विधी सेवा कायद्याप्रमाणं कोणत्याही बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चानं वकील मिळतो. जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तालुक्याच्या न्यायालयात समिती असते. फोन नंबर १५१००.

आपली पोरगी वकील होऊ शकते

बैठकीत एका आजीनं विचारलं, "पोरीनं वकिली शिकून काय होईन?" आजी, फार जुनी गोष्ट नाही. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी १८९२ मध्ये ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली. पण बाई म्हणून पदवी हातात पडायला १९२२ साल उजाडलं. आपल्या देशात बायांना वकिलीचं दार उघडणारा कायदा झाला १९२३ मध्ये. तेव्हा ज्या दारासाठी तीस वर्षं थांबावं लागलं, ते आज आपल्या पोरींसाठी उघडं आहे.

बारावीनंतर ५ वर्षांचा आणि पदवीनंतर ३ वर्षांचा असे दोन रस्ते आहेत. ३ वर्षांच्या एलएलबीला पदवीत खुल्या गटाला ४५ टक्के, ओबीसीला ४२ आणि अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के लागतात. राज्याची सीईटी द्यावी लागते. कॉलेजसाठी मुंबई-पुणे गाठायची गरज नाही. संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठात अमरावतीला आणि अकोल्याला विधी महाविद्यालयं आहेत. अमरावतीच्या कॉलेजला आपल्या पापळ गावातून बॅरिस्टर झालेल्या डॉ. पंजाबराव देशमुखांचं नाव आहे. २०२४ पासून ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ठरावीक प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ आहे. आपली पोरगी त्यात बसते का, ते कॉलेजच्या कार्यालयात आधी विचारा. शिक्षण झाल्यावर वकिलांच्या यादीत नाव नोंदवायची फी पूर्वी हजारोंत जायची. सर्वोच्च न्यायालयानं ३० जुलै २०२४ रोजी सांगितलं की ती ७५० रुपयांपेक्षा आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपयांपेक्षा जास्त घेता येणार नाही.

आणि ज्यांचं शिक्षण मागंच राहिलं, त्यांनाही एक वाट आहे. विधी सेवा प्राधिकरण गावागावांतून विधी स्वयंसेवक निवडतं आणि त्यांना प्रशिक्षण देतं. बचतगटाच्या बायांनाही त्यात घेतात. ती बाई कोर्टात उभी राहत नाही, पण अर्ज कुठं द्यायचा, कोणता कागद लागतो, वकील कसा मागायचा, हे गावातल्या माणसांना सांगू शकते. एका गावात अशी एक बाई असली की सहा महिन्यांची मुदत कोणाची चुकणार नाही.

पुढच्या बैठकीत एवढं करा

एक, ११२, १०८, १८१, १३९, १९१५ आणि १५१०० हे सहा नंबर गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा.

दोन, मजुरीला नेणाऱ्या प्रत्येक गाडीचा नंबर, जागा आणि विम्याची तारीख वहीत नोंदवा. नोंद ठेवायचं काम मोबाईल वापरणाऱ्या एका पोरीकडं द्या.

तीन, गेल्या ६ महिन्यांत गावात कोणाच्या घरी अपघात झाला का ते आठवा. झाला असेल तर त्या घरी जा आणि दावा केला का ते विचारा. नसेल केला, तर त्याच आठवड्यात एक जण सोबत जाऊन विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात त्यांना नेऊन सोडा.

चार, विधी स्वयंसेवक व्हायला कोण तयार आहे, तिचं नाव ठरवा.

या चारपैकी तिसरं काम आधी करा, कारण मुदत थांबत नसते. तुमच्या गावात काय झालं, मुकादमानं काय उत्तर दिलं, गाडी बदलली की नाही, हे आम्हाला नक्की कळवा. पुढच्या भागात तुमचे प्रश्न घेऊन बसू. तोवर तिकीट मागून घ्या आणि सांभाळून जा. नमस्कार.